दूषित गावची सुगंधाबाई

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या गेटासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रबंध टाइप करायचे, त्यांना निळं कव्हर चढवायचं आणि पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवायची, हा माझा धंदा. माझ्या दुकानातून आजवर बरेच डॉक्टर बाहेर पडले, पण त्यातल्या एकानेही कोणाचा ताप उतरवल्याचं ऐकिवात नाही. ते अभ्यास करतात. मासेमारी करणाऱ्या धिवरांच्या आहाराचा अभ्यास, जंगलकाठच्या विधवांच्या समस्यांचा अभ्यास, झालंच तर अभ्यासांचाही अभ्यास. शेवटी शिफारशींचं प्रकरण असतं. ते मी आता न वाचताच टाइप करतो, कारण शासनाने लक्ष द्यावे यापलीकडे त्यात अजून कोणी गेलेलं नाही.

अशाच एका अभ्यासात आमच्या मोहबोडीची सुगंधाबाई दिघोरे सापडली. मोहबोडी माझं जन्मगाव. काळीपिवळी जीप मिळाली तर ब्रह्मपुरीहून जवळ, नाही मिळाली तर फार लांब. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल, मधे धिवरांची वस्ती आणि वस्तीत आमच्या घरामागे सुगंधाबाईचं घर. बाई तोंडाने फटकळ. लग्नात जेवायला बसली तर भाजीत मीठ कमी आहे हे नवरदेवाच्या बापाला ऐकवून उठेल. गावातल्या अर्ध्या लोकांशी तिचं भांडण आणि उरलेल्यांशी होण्याच्या बेतात. पण एका कामात तिला कोणी उलटून बोलत नाही. तलावाची मासोळी निघाली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाटे घालते ती सुगंधाबाई.

वाटे घालायची आमची रीत अशी. ज्यांनी जाळं ओढलं त्यांचा वाटा असतोच. पण ज्या घरात कोणी आजारी आहे, बाळंतीण आहे, नुकतीच मयत झाली आहे, त्या घराचाही वाटा पडतो. त्या घरातलं कोणी पाण्यात उतरलं नसलं तरी पडतो. तो आधी पोचवायचा, मग बाकीच्यांनी आपापला उचलायचा. एखादा नवा जावई कुरकुरला तर सुगंधाबाई त्याच्यावर डाफरते, "पाण्यात नाई उतरला मनून पोट नाई का त्याले?" जावई पुढच्या वेळी गप्प बसतो.

चार वर्षांमागे मोहफुलं गळायच्या दिवसांत तिच्या मुलाला, बुधूला, वाघाने मारलं. पहाटे मोह वेचायला गेलेला धट्टाकट्टा माणूस दुपारी चादरीत गुंडाळून अंगणात आला. सगळं गाव जमलेलं. सुगंधाबाई रडली नाही. ती सुनेकडे, रंभाकडे, वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तूच धाडलं माह्या पोराले. तूच खाल्लं त्याले."

असं बोलणारी ती एकटी नव्हे. आमच्याकडे वाघाने माणूस मारला की दोष द्यायला वाघ सापडत नाही. जंगलखातं सापडतं, पण त्याला ऐकू येत नाही. मग घरातली बाई सापडते. ती बिचारी समोरच बसलेली असते.

रंभा त्या दिवसापासून बसली ती बसलीच. विहिरीवर जाणं बंद, शेतावर जाणं बंद. तिची लहान मुलगी करिष्मा समोर आली तर तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, पण केस विंचरून द्यायचं सुचायचं नाही. सासूशी हो आणि नाही याखेरीज शब्द नाही. इकडे सुगंधाबाईचे हात थरथरू लागले. पाळीवर वाटे घालताना एक ढीग मोठा, एक लहान पडू लागला. लोक काही बोलले नाहीत, पण तिला ते दिसत होतं. एकदा ती ढीग तसेच सोडून घरी निघून गेली. एका घरात दोन बाया, दोघींचा मेला तो एकच माणूस, आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. मला या घराचा राग यायचा. मदत कुठून मागायची तेही ठाऊक नव्हतं. मानसिक रोगाचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, तोही असला तर.

मग डॉक्टर वझलवार आले. हे ताप उतरवणारे नव्हेत, माझ्या जातकुळीतले, सोनेरी अक्षरांचे. शहरातल्या कुठल्याशा संस्थेत मानसशास्त्राचे मोठे प्राध्यापक. वाघाने घरचं माणूस मारलेल्या किंवा हल्ला डोळ्यांनी पाहिलेल्या बायकांसाठी त्यांनी बोलण्याचा एक उपचार बसवला होता. गोळी नाही, सुई नाही. शिकलेल्या मुलीने दर मंगळवारी गावात यायचं, एकेका बाईशी बसून बोलायचं. याचा गुण येतो असं सिद्ध झालं तर तो सगळ्या तालुक्यांतल्या दवाखान्यांत सुरू होणार होता. कल्पना चांगली होती, हे मी कबूल करतो. चांगल्या कल्पनेचं वाटोळं कसं करतात ते पुढे पाहायला मिळालं.

तब्येत मोजायला बायकांना विचारायचे प्रश्न आमच्या बोलीत करायचं काम माझ्याकडे आलं. सरांचा प्रश्न होता, गेल्या पंधरवड्यात आपणास निरुत्साही वाटले का? मी लिहिलं, 'मन लागत नाई असं झालं का?' सरांनी ते लांबच्या एका तज्ज्ञाला दाखवलं. त्या तज्ज्ञाने मोहबोडी नकाशातसुद्धा पाहिलेली नव्हती. त्याने माझं वाक्य काढून निरुत्साह परत घातला, कारण मन लागत नाही हे प्रमाणित नव्हतं. आमच्या बायका निरुत्साहाला घाबरून हो म्हणाल्या. एवढा मोठा शब्द म्हणजे काहीतरी झालंच असणार.

ग्रामपंचायतीच्या खोलीत सरांनी बायकांना जमवून समजावलं. उपचाराचा गुण कळायला हवा असेल तर काहींना तो द्यायचा आणि काहींना द्यायचा नाही, मग दोन्ही गटांची तुलना करायची. "दुसऱ्या गटालाही नंतर मिळणार आहे. तुमची बारी फक्त उशिरा येईल," ते म्हणाले. कोण कुठल्या गटात, ते संगणकाने ठरवलं. संगणकाने सुगंधाबाईला बोलण्याच्या गटात टाकलं आणि रंभाला वाट पाहण्याच्या. एकाच घरात, एकाच चुलीपाशी. मी सरांना म्हणालो, सर, या सासू-सुना आहेत. ते हसून म्हणाले, "अतुलभाऊ, यादृच्छिक निवडीत नाती नसतात." ज्याने आयुष्यात कधी एका घरात दोन बायांना वेगवेगळं वाढून पाहिलं नाही, तोच असं बोलू शकतो.

बोलायला यायची ती दामिनी नन्नावरे. आमच्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली, करारावर घेतलेली. बेताची उंची, हळू आवाज, समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायची ताकद. सुगंधाबाईने पहिल्या मंगळवारी तिला दारातच हाणलं, "माहा पोरगा आणून देतेस का? नाई ना? मंग काहून बोलाचं?" दामिनी म्हणाली, "नाई आणून देऊ शकत, बाई." आणि खाली बसली. खोटा धीर न देणारं माणूस बाईने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिने चहा ठेवला.

दामिनी जे शिकवायची ते साधं होतं. धडकी भरली की पाय जमिनीला टेकवून तळव्याखालची माती चाचपायची आणि श्वास हळूहळू सोडायचा. रोज एक लहान काम ठरवायचं आणि मनाची परवानगी न मागता करून टाकायचं. आणि जो शब्द माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला सारखा मारत असतो तो एकदा मोठ्याने म्हणून पाहायचा, की हा खरा आहे का.

आता यात सुगंधाबाईने काय करावं? मंगळवारी दामिनीची जीप वळणाआड गेली की बाई पाळीवर जाऊन बसायची आणि वाट पाहण्याच्या गटातल्या बायांना हाका मारायची. "या वं, आजचा वाटा घ्या." आणि दामिनीने जे दिलं ते सगळ्यांना वाटून टाकायची. तिच्या गटातल्या बाकीच्या बायाही आपापल्या शेजारणीला तेच करत होत्या. यात लपवाछपवी काही नव्हती, कारण यात चूक आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांचा वाटा आधी, ही गोष्ट त्यांना संगणकाच्या आधीपासून ठाऊक होती.

बाई काही फार मोठी वैद्य नव्हती, गैरसमज नको. अर्धं विसरायची, अर्धं आपल्या मनचं घालायची. श्वास हळू सोडा याचं तिने श्वास धरून ठेवा केलं, पाण्यात बुडी मारताना धरतात तसा. इंदिराबाई नावाच्या म्हातारीने तो इतका धरला की ती पाळीवर आडवी झाली. तिच्या तोंडावर पाणी मारताना सुगंधाबाईच तिला रागवत होती, "एवढा धराले कोणं सांगतलं होतं?" दामिनीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. मग वझलवार सरांना फोन करून सांगितलं की बायका एकमेकींना सगळं सांगतात, तुलना बिघडेल, काहीतरी बदलायला हवं. सर म्हणाले, आधी आकडे येऊ देत.

वाटा सगळ्यांना पोचत होता, फक्त रंभाला नाही. हे गावाने पाहिलं आणि मीही पाहिलं. ज्या घरातून वाटा निघायचा त्याच घरातली सून उपाशी होती. मग एका मंगळवारी दामिनीने बाईला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला. तूच खाल्लं त्याले. बाईने म्हटला आणि तिला दुसऱ्यांदा म्हणता येईना. त्या संध्याकाळी ती पाळीवर गेलीच नाही. घरी गेली, सुनेच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी जे बोललो ते खोटं होतं, रंभा. मोह वेचाले गावातलं कोन नाई जात? मीच त्याले लहानपणी घेऊन जात होतो. माहा शब्द मी वापस घेतो."

हे मला नंतर तिनेच सांगितलं. सांगताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं. रंभा काय बोलली, मी विचारलं. "काई नाई. उठली, आन् करिष्माचे केस विंचरले."

त्यानंतर रंभा चुलीपाशी येऊ लागली, दोन घास जेवू लागली. पण उंबरा ओलांडेना. सासूने सगळं देऊन पाहिलं. माती, श्वास, रोजचं काम. एक दिवस ती वैतागून दामिनीला म्हणाली, "माह्यापाशी होतं ते सारं देलं तिले. तिच्या पोटात काही तरी अडकून हाये, ते मले नाई सांगत. तिची बारी कधी हाये?" दामिनीने सांगितलं, अभ्यास संपला की लगेच. घरी जाऊन बाईने रंभाला सांगितलं, दिवाळीनंतर तुही बारी. आणि रंभा, जी कशाचीच वाट पाहत नव्हती, ती दिवाळीची वाट पाहू लागली.

दिवाळीनंतर वझलवार सर निकाल सांगायला आले. पुन्हा ग्रामपंचायतीची खोली, पुन्हा बायका, भिंतीवर सरांचे रंगीत आलेख. सर म्हणाले की दोन्ही गटांतल्या बायकांची तब्येत सारखीच सुधारली आहे. ज्यांच्याशी बोललो त्यांची आणि ज्यांच्याशी नाही बोललो त्यांचीही. म्हणजे बोलण्यामुळे विशेष फरक पडत नाही, काळ जातो तसं दुःख आपोआप ओसरतं. शास्त्र शास्त्र म्हणतात ते हे. गावाच्या पाळीवर एकदा येऊन बसले असते तर काळ मंगळवारी संध्याकाळी कुणाच्या तोंडून बोलतो ते कळलं असतं.

"मंग माह्या सुनेची बारी कधी?" सुगंधाबाईने विचारलं.

सरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाई, ज्या उपचाराचा उपयोग सिद्ध झाला नाही तो देणं नैतिक ठरत नाही. दामिनीचं कामही या महिन्यात संपलं."

"उपयोग नाई कसा? मीच तर देलं ना सारायले."

"काय दिलं?"

"वाटा. दामिनीबाई मले सांगे, मी यायले सांगो."

सरांचा चेहरा लाल झाला, जणू दामिनीचा फोन त्यांना कधी आलाच नव्हता. इतक्या संयमी माणसाचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही सगळा प्रयोग बिघडवलात! एवढ्या वर्षांची मेहनत! दुसऱ्या गटाला सांगायचं नाही, एवढी साधी गोष्ट कळली नाही तुम्हाला?"

"तुमी तसं सांगतलंच नाई, साहेब," बाई म्हणाली. "आन् सांगतलं असतं तरी घरात मी काय तोंडाले कुलूप लावलं असतं?"

मला वाटलं, आता या शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडेल. गुण येत होता, म्हणूनच तर दोन्हीकडे आला! अर्धवट, चुकतमाकत, बुडी मारल्यासारखा श्वास धरूनसुद्धा आला. निदान हे तपासून तरी पाहावं. मी हात वर करून ते बोललोही. सर म्हणाले, "अतुलभाऊ, शक्यता आणि पुरावा यात फरक असतो." फरक असतो, मान्य. पण चूक मांडणीची असेल तर तिची शिक्षा दारामागे बसलेल्या बाईला का, याचं उत्तर त्यांच्या आलेखात नव्हतं. रंभा त्यांच्या सरासरीत कुठेच दिसत नव्हती.

अहवाल टाइप करायला अर्थातच माझ्याकडे आला. त्यात आमच्या गावासाठी एक खास शब्द होता. दूषित. मोहबोडी हे गाव दूषित असल्याने पुढील अभ्यासातून वगळण्यात यावे. पुढचा अभ्यास राजुऱ्याच्या बाजूला होणार होता, एकमेकांपासून लांब लांब असलेल्या गावांत, म्हणजे कोणी कोणाला काही देऊ नये. मी तो शब्द टाइप केला, कव्हर चढवलं, सोनेरी अक्षरं उमटवली. त्या दिवशी संताप संताप झाला होता.

दामिनीला माझ्या शेजारच्या साड्यांच्या दुकानात काम मिळालं. जी मुलगी मेलेल्या माणसाविषयी बोलायची ती आता पदराच्या काठाविषयी बोलू लागली. चांगलं बोलायची. आपल्याकडे शिक्षण वाया जात नाही ते असं.

माघात मोहबोडीच्या तलावाची मासोळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोर काळीपिवळी थांबली आणि सुगंधाबाई उतरली. हातात झाकलेली डेगची. मागून पदर तोंडावर ओढलेली, गाडीचा दांडा न सोडणारी दुसरी बाई. मी ओळखलं नाही. मग ती खाली उतरली, चप्पल काढली आणि भर रस्त्यात अनवाणी पायाने जमीन चाचपू लागली. तेव्हा ओळखलं. रंभा होती.

सुगंधाबाई सरळ साड्यांच्या दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांमधून वाट काढत डेगची दामिनीच्या पुढ्यात ठेवली. झाकण काढलं तशी झिंग्यांचा आणि मरळीचा वास रेशमी साड्यांवर पसरला. मालकाने नाक दाबलं.

"तुहा वाटा हाये. काल तलाव निघाला."

"बाई, मी कुठी पाण्यात उतरली?"

"मंग काय झालं? तुह्या हातचं काम गेलं ना? पडते वाटा." मग तिने मागे पाहिलं. "आन् हिची बारी राह्यली होती. घेऊन आलो."

दामिनी रंभाकडे पाहत राहिली. तिच्याकडे आता ना प्रकल्प होता, ना जीप, ना कोणाची परवानगी. तिने मालकाला सांगितलं, मी जेवायची सुट्टी आत्ताच घेते. मालक डेगचीकडे पाहत हो म्हणाला. मी माझ्या दुकानामागची खोली मोकळी करून दिली. कोऱ्या कागदांचे गठ्ठे बाजूला सारले, दोन खुर्च्या टाकल्या. सुगंधाबाई सवयीने तिसरी जागा शोधू लागली आणि मधेच थांबली.

"मी बायेर बसतो," ती म्हणाली. "माह्यापुढे नाई बोलाची ती."

तिने स्वतःच दार ओढून घेतलं आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने रंभाचा आवाज आला, खरखरीत, वापरात नसलेला. मधली भिंत फळ्यांची आहे, सगळं ऐकू येतं. मी झेरॉक्सचं मशीन चालू केलं आणि त्यात कोरेच कागद घालत राहिलो, एकामागून एक. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

मशीनच्या वरताण रडणं ऐकू आलं तेव्हा सुगंधाबाई ताडकन उठली. दारापर्यंत गेली, कडीला हात घातला. मी म्हटलं, जा काकू, पाहा. तिचा हात तसाच कडीवर राहिला. मग तिने तो काढून घेतला आणि परत पायरीवर येऊन बसली.

"नाई," ती म्हणाली. "तिचा वाटा हाये. घेऊ दे तिले."